आधी भिंतीतला प्लग, मग मदरबोर्ड

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि आपल्या टेबलांवर जुन्या पीसींची रांग लागली. पतसंस्थेची शाखा, माध्यमिक शाळेची लॅब, दूध संकलन केंद्र, वकिलाचं ऑफिस, सगळीकडून एकच विचारणा येते: आहे तेच चालेल, की नवीन घ्यावं? त्याचं उत्तर आता आपल्याला पाठ झालं आहे. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल तर बायोसमध्ये पीटीटी आणि सिक्युअर बूट सुरू करायचं, डिस्क जीपीटी करायची, विंडोज ११ बसतं. त्याआधीच्या मशीनवर ते अधिकृतपणे बसत नाही. तिथे विकतचे सुरक्षा अपडेट, लिनक्स किंवा नवा बोर्ड-प्रोसेसर हेच सरळ रस्ते. अट चुकवून विंडोज ११ घातलेलं मशीन पतसंस्थेच्या काउंटरवर ठेवू नये, एवढं मात्र स्पष्ट सांगायला हवं.

यात एक भाग सुटतो. नवा बोर्ड येतो, एसएसडी येते, रॅम वाढते, आणि हे सगळं जुन्याच कॅबिनेटमधल्या जुन्या एसएमपीएसवर, अर्थिंग नसलेल्या जुन्याच प्लगला जोडलं जातं. ग्राहकाचा जास्तीत जास्त पैसा जिथे गेला, तो बोर्डच मग सर्वांत आधी जातो.

एसएमपीएसच्या लेबलवरचा मोठा आकडा वाचून थांबू नका. पेंटियम ४ आल्यापासून, म्हणजे २००० पासून, प्रोसेसरचा भार १२ व्होल्टच्या लाइनवर गेला. ग्राफिक्स कार्डही प्रामुख्याने तिथूनच वीज ओढतं. समजा वर ४५० वॅट छापलंय आणि खालच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर आहे. म्हणजे हाताशी आले १६८ वॅट. त्यावर ७५ वॅटचं कार्ड आणि टर्बोला शंभरापुढे जाणारा प्रोसेसर बसवला, की गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू होताच मशीन बंद. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला ठरत नाही. भार घालून मोजा. १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली किंवा १२.६ च्या वर जाता कामा नये.

‘यूपीएस असूनही लाइट गेली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो’ ही तक्रार तर रोजची. आपण बॅटरी बदलून देतो आणि आठवड्याने तोच ग्राहक परत येतो. साधा यूपीएस लाइनवरून बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, बहुतेकदा ४ ते १०. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मुख्य कपॅसिटरमधल्या साठ्यावर तग धरायचा असतो. एटीएक्सच्या मानकाप्रमाणे पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद. स्वस्त मालात हा कपॅसिटर मुळात लहान असतो, आणि पाच-सात उन्हाळे काढलेल्या मालात तो सुकलेला असतो. दोष तिथे आहे, बॅटरीत नाही. याच्या उलट, अॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही चांगले एसएमपीएस साध्या यूपीएसच्या चौकोनी लहरीवर बंद पडतात. म्हणून ही जोडी दुकानातच लावून, प्लग ओढून पाहावी आणि मगच माल द्यावा.

आता अर्थिंग. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला आपला अहिल्यानगर जिल्हा घाटघर-रतनवाडीचा पट्टा सोडला तर बहुतांश पर्जन्यछायेत आहे. अर्थिंगचा खड्डा काम करतो तो मातीतल्या ओलाव्यावर. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. पाथर्डी-जामखेडकडे चार फुटांवर मुरूम आणि खडक लागतो, तिथे रोध मुळातच जास्त. कोळसा-मीठ घालून कधीकाळी केलेल्या खड्ड्यात वर्षानुवर्षं पाणी पडलेलं नसतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘बॉक्सला करंट येतोय.’ एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगते. करंट अगदी थोडा असतो, माणसाला झिणझिण्या येतात. पण पोर्टाला तेवढाही पुरतो.

दूध संकलन केंद्रावर याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. वजनकाटा आणि फॅट मशीन सीरियल केबलने पीसीला जोडलेलं, आणि तिन्ही वेगवेगळ्या बोर्डांवर. तीन बॉड्या तीन व्होल्टेजवर असल्या की फरकाचा प्रवाह त्या बारीक केबलमधून वाहतो आणि सीरियल पोर्ट जातो. सकाळी रांगेत उभ्या शेतकऱ्यांचं मोजमाप त्यामुळे अडतं. तिन्ही यंत्रं एकाच बोर्डावर, एकाच अर्थवर घ्या आणि आयसोलेशन असलेला कन्व्हर्टर वापरा. नव्या मदरबोर्डला मागे सीरियल पोर्ट नसला तरी पुष्कळदा बोर्डवर कॉम हेडर असतो, खरेदीआधी तोही पाहून घ्या.

मोजणी अवघड नाही. मशीन चालू असताना सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज बघा. साधारण तीनच्या आत असावं. अगदी शून्य आलं तर मात्र खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेला असू शकतो. त्या जोडणीत मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर अख्ख्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतात. शाळेच्या लॅबमध्ये असं दिसलं तर मशीन चालू करूच नका, मुख्याध्यापकांना लेखी द्या. मल्टिमीटर आकडा बरोबर दाखवत असला तरी कच्चा अर्थ त्याला कळेलच असं नाही. अर्थ टेस्टर असलेल्या परवानाधारक वायरमनकडून खड्डा तपासून घेणं हाच उपाय.

कोटेशनमध्ये याची ओळ हवी. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीच्या खाली एसएमपीएसची १२ व्होल्टवरची खरी क्षमता आणि ग्राहकाच्या सॉकेटचं रीडिंग लिहा. शेजारचा दुकानदार ही ओळ गाळून स्वस्तात देईल, हे खरं आहे. तरीही लिहा, कारण पुढच्या वर्षी बोर्ड गेला तर वॉरंटीवरून भांडायची वेळ आपल्यावर येते.

वाचकांना एक विनंती. येत्या मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना, तुम्ही जिथे जिथे जाल तिथलं न्यूट्रल-अर्थ रीडिंग तालुका आणि मातीच्या प्रकारासह नोंदवा आणि आमच्याकडे पाठवा. ग्राहकाचं नाव नको. पावसाळ्यानंतर त्याच सॉकेटांची दुसरी नोंद घ्या. दोन्ही नोंदींचा तालुकावार तक्ता आम्ही दिवाळी अंकात छापू.