जीर्णोद्धाराची दृष्टी

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स बंदराने पुलांचे अपयश फार पूर्वी अनुभवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे बांधलेले दोन रेल्वेपूल 1891 आणि 1893 मध्ये कोसळले. त्यानंतर सहा दशकांनी, 2 एप्रिल 1955 रोजी, हॅलिफॅक्स व डार्टमाउथ यांना जोडणारा अँगस एल. मॅक्डोनाल्ड झुलता पूल वाहतुकीस खुला झाला.

साठ वर्षांच्या सेवेने त्याचा रस्ता वाहून नेणारा पोलादी भाग जीर्ण झाला. तथापि पूल पाडला गेला नाही. मनोरे व मुख्य तारदोर कायम ठेवून 2015 ते 2017 या काळात रस्त्याचे तुकडे एकेक करून खाली उतरविण्यात आले व त्यांच्या जागी नवे बसविण्यात आले. हे काम मुख्यतः रात्री आणि आठवड्याच्या अखेरीस चाले. कामाच्या दिवशी नागरिक त्याच पुलावरून ये-जा करीत. मोठ्या जहाजांसाठी रस्त्याची उंची वाढविण्यात आली आणि तारदोर गंजू नयेत म्हणून त्यांत कोरडी हवा खेळविण्याची योजनाही झाली. झुलत्या पुलाचे असे नूतनीकरण त्यापूर्वी व्हँकुव्हरच्या लायन्स गेट पुलावर झाले होते. तो अनुभव येथे कामी आला.

यामागे केवळ तंत्रज्ञान नव्हते. पुलाची जबाबदारी निश्चित मंडळाकडे होती आणि टोलचे उत्पन्न त्याच कामी येत होते. 2025 मध्ये टोल रद्द झाल्यावर हा भार शासनावर आला आहे. जनतेला सवलत मिळाली, तरी देखभालीचा खर्च टळत नाही.

आपल्याकडे 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पुढच्याच वर्षी तेथे नवा पूल उभा राहिला. म्हणजे निर्माणाचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे. उणीव आहे ती सातत्याने सांभाळण्याची.

वस्तुतः हा संस्कार आपल्याला परका नाही. जीर्णोद्धाराला आपल्या परंपरेने पुण्यकर्म मानले. पुण्यश्लोक अहल्यादेवींचे नाव मंदिरे व घाटांच्या उद्धारामुळे आजही देशभर आदराने घेतले जाते. नव्या पुलांच्या लोकार्पणाचे सोहळे जरूर व्हावेत. परंतु प्रत्येक जुन्या पुलाची नियमित तपासणी, तिचा जाहीर अहवाल आणि दुरुस्तीचा राखीव निधी यांचा आग्रह समाजानेच धरला पाहिजे. राष्ट्राचे वैभव नव्या निर्मितीइतकेच वारशाने आलेल्या वास्तूंच्या जतनातही असते.