‘कबूल’ म्हणण्याआधी

परवा संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो तर वस्तीतली एक माउली दारात बसलेली. हातात निकालाची नक्कल. म्हणाली, “भाऊ, पोराची नोकरी हुकली. वरच्या कोर्टात अपील करून द्या.”

नळावरच्या भांडणातून पोरावर मारहाणीचा खटला झाला होता. तारखांपायी रोज बुडत होता. कोर्टाबाहेर कुणीतरी सांगितले, ‘कबूल म्हण, दंड भर, मोकळा हो.’ पोराने तसेच केले. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी झाली आणि ती शिक्षा कागदावर आली. “त्यानं हात उचललाच नव्हता हो,” माउली सांगत होती.

आम्हाला जड मनाने सांगावे लागले की, अपिलाचे दार जवळपास बंद झाले आहे. गुन्हा कबूल करून झालेल्या शिक्षेवर ‘मी निर्दोष आहे’ असे अपील चालत नाही. शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे, एवढ्यापुरतेच ते करता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३७५ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४१६ आहे. रिव्हिजनचा अर्ज करता येतो, पण त्यात साऱ्या पुराव्याची नव्याने छाननी होत नाही.

२००६ पासून कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षेची तडजोडही कायद्यात आली आहे. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे आणि स्त्रिया व लहान मुलांवरील गुन्हे तिच्यात बसत नाहीत. या तडजोडीच्या निकालावर तर साधे अपीलच नाही. उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी, एवढेच उरते. गरिबाला तो खर्च कसा झेपणार?

२००९ साली कसाबने मुंबईच्या कोर्टात कबुली दिली. तरी न्यायाधीशांनी तेवढ्यावर निकाल दिला नाही, खटला पुढे चालवला. त्याचे अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत ऐकले गेले. त्यानंतरच २०१२ मध्ये आपल्या येरवड्यात त्याला फाशी झाली. कायद्याची रीत ही अशी असते. मग आपल्या पोरांनी दोन मिनिटांत ती का सोडून द्यावी?

बांधवांनो, एवढे ध्यानात ठेवा. खरोखर गुन्हा केला असेल तर कबुली देणे हा ज्याचा त्याचा निर्णय. पण केला नसेल तर तारखांना कंटाळून ‘कबूल’ म्हणू नका. आधी वकील मागा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश आहे. जातीचा दाखला घेऊन शिवाजीनगर कोर्टातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.

त्या माउलीला घेऊन आम्ही सोमवारी तिथेच जाणार आहोत. रिव्हिजनची मुदत उरली आहे का, ते आधी पाहायचे आहे.