क्लीव्हलंडचा संघ कोणाच्या मालकीचा?

सोळा सामन्यांत पाच विजय आणि अकरा पराभव ही कामगिरी अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या इतिहासात मुद्दाम नोंद घ्यावी अशी नाही. याहून वाईट हंगाम पुष्कळ संघांच्या वाट्याला आले आहेत. क्लीव्हलंड ब्राउन्स याच नावाच्या संघाने पुढे २०१७ साली सोळाच्या सोळा सामने गमावले. तरीही या संघाच्या १९९५ च्या हंगामाचा विचार आजही करावा लागतो. त्या वर्षी मैदानावर जे झाले त्याहून मैदानाबाहेर उभा राहिलेला प्रश्न मोठा होता आणि तो अद्याप सुटलेला नाही. खेळाचा संघ ज्या गावाचे नाव लावतो, त्या गावाचा त्याच्यावर काही हक्क असतो काय, हा तो प्रश्न.

आपल्याकडे जो फुटबॉल म्हणून ओळखला जातो त्याच्याशी या खेळाचे फारसे नाते नाही. दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा चेंडू मुख्यत: हातानेच पुढे न्यायचा आणि प्रतिपक्षाने अंगावर येऊन तो रोखायचा, असा हा दांडगा खेळ आहे. पण येथे त्याच्या नियमांपेक्षा त्याची व्यवस्था महत्त्वाची. मुंबईचा रणजी संघ मुंबई क्रिकेट असोसिएशनचा असतो. असोसिएशनच्या अध्यक्षांच्या मनात आले म्हणून तो उद्या दुसऱ्या राज्यात जाऊन राहू शकत नाही. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १९९५ साली तीस संघ होते आणि त्यांतील एकाचा अपवाद सोडला तर सारे खासगी मालकीचे होते. मालकाला दुसरीकडे अधिक लाभ दिसला तर बिऱ्हाड हलवावे तसा संघ हलविता येत असे. १९८४ च्या मार्चमध्ये बॉल्टिमोर कोल्ट्स हा नामांकित संघ बर्फ पडत असताना एका रात्रीत मालमोटारींत सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. सकाळी बॉल्टिमोरकर उठले तेव्हा त्यांच्या गावात संघ उरला नव्हता. त्या दु:खातून त्या शहराने जो धडा घेतला तो असा, की दुसऱ्याचा संघ आपणही असाच आणावा.

ज्याचा संघ आणला ते शहर म्हणजे ओहायो राज्यातील, ईरी सरोवराच्या काठचे क्लीव्हलंड. पोलाद, यंत्रे आणि मोटारींचे सुटे भाग यांच्यावर वाढलेले हे कामगारांचे शहर. १९५० साली त्याची लोकसंख्या नऊ लाखांवर होती. १९९० साली ती पाच लाखांच्या आसपास आली होती. १९६९ मध्ये तेथील कायहोगा नदीवरील तेलकट तवंग पेटला आणि शहर साऱ्या देशात चेष्टेचा विषय झाले. १९७८ च्या डिसेंबरात महापालिका बँकांची देणी चुकवू शकली नाही. कारखाने गेले, माणसे गेली, पत गेली. संघ मात्र राहिला होता. १९४६ साली स्थापन झालेल्या या संघाला पॉल ब्राउन या पहिल्याच प्रशिक्षकाचे नाव मिळाले. आधी दुसऱ्या एका लीगमध्ये सलग चार वर्षे आणि मग १९५० साली नॅशनल फुटबॉल लीगमध्ये पदार्पण करताच पहिल्याच वर्षी त्याने अजिंक्यपद मिळविले. मेरियन मॉटली आणि बिल विलिस हे कृष्णवर्णीय खेळाडू या संघात १९४६ पासून खेळत होते. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन यांना प्रवेश मिळण्याच्या आदल्या वर्षी. पुढे १९६४ नंतर अजिंक्यपद लाभले नाही. १९८६, १९८७ आणि १९८९ या तिन्ही हंगामांत अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर डेन्व्हरने ब्राउन्सना परत पाठविले. तरी सरोवरावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात, कुत्र्याचे मुखवटे चढवून भुंकणारे प्रेक्षक पूर्वेकडच्या स्वस्त बाकांवर येऊन बसतच होते. इतकी निष्ठा दुसऱ्या कुठल्या धंद्यात गिऱ्हाइकाकडून मिळते?

संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी तो १९६१ साली सुमारे चाळीस लाख डॉलरांना विकत घेतला होता. त्यांना केवळ खलपुरुष ठरविणे सोपे आहे, आणि क्लीव्हलंडमध्ये ते आजही ठरविले जाते. पण तेवढ्याने काही कळत नाही. दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा सर्व संघांत समान वाटण्याची लीगची जी पद्धत आहे, तिच्या जडणघडणीत मॉडेल यांचा वाटा मोठा होता. या पद्धतीमुळेच लहान शहरातील संघ न्यूयॉर्कच्या बरोबरीने जगू शकतो. पण या समाजवादाला एक पळवाट होती. स्टेडियममधील धनिकांसाठीच्या बंदिस्त कक्षांचे भाडे, वाहनतळ, जाहिराती, खाद्यपेये यांचे उत्पन्न ज्याचे त्याच्याकडे राहत असे. साहजिकच मालकांची सारी चढाओढ नव्या स्टेडियमसाठी, आणि तेही शक्यतो दुसऱ्याच्या खर्चाने बांधलेल्या स्टेडियमसाठी, सुरू झाली. क्लीव्हलंडचे स्टेडियम १९३१ सालचे, पालिकेच्या मालकीचे आणि जुनाट. ते मॉडेल यांनी भाडेपट्ट्याने घेतले होते आणि बेसबॉलचा स्थानिक संघ त्यांचा पोटभाडेकरू होता. शहराने नवी क्रीडागारे उभारण्याची योजना आखली तेव्हा मॉडेल त्यात सामील झाले नाहीत. १९९४ साली बेसबॉल आणि बास्केटबॉल या दोन्ही संघांना नवी घरे मिळाली, पोटभाडेकरू निघून गेला, आणि जुन्या वाड्याचा खर्च मॉडेल यांच्या एकट्याच्या गळ्यात पडला. म्हणजे अडचण खरी होती. ती बऱ्याच अंशी त्यांच्याच निर्णयातून ओढवलेली होती, हेही तितकेच खरे.

१९९४ च्या हंगामात संघाने अकरा सामने जिंकले होते. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या हाताखाली १९९५ मध्ये तो अंतिम फेरी गाठील, असे भाकीत जाणकार करीत होते आणि पहिल्या चार सामन्यांपैकी तीन जिंकून सुरुवातही तशीच झाली. मग काही पराभव झाले, पण हंगाम हातचा गेलेला नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस बॉल्टिमोरच्या विमानतळावर एका खासगी विमानात गुप्त करारावर सह्या झाल्या. ६ नोव्हेंबर रोजी बॉल्टिमोरमध्ये समारंभपूर्वक घोषणा झाली: पुढील वर्षापासून संघ तेथे जाणार. नवे स्टेडियम मेरीलँड राज्य बांधून देणार, भाडे तीस वर्षे नाही, उत्पन्न मालकाचे. दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, क्लीव्हलंड ज्या काउंटीत मोडते तेथे मतदान होते. दारू आणि सिगारेटींवरील कर, ज्याला तेथील लोक ‘पापकर’ म्हणतात, तो पुढे चालू ठेवून ब्राउन्सच्या स्टेडियमची डागडुजी करावी काय, हा मतदानाचा विषय होता. संघ निघाल्याचे आदल्या दिवशी कळले असूनही सुमारे ७२ टक्के मतदारांनी होकार दिला. लोकशाहीत मतपेटीतून इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळते, आणि ते इतके निरुपयोगी ठरल्याचे उदाहरण त्याहून विरळा.

त्यानंतरच्या सात सामन्यांपैकी सहा संघाने गमावले. खेळाडूंना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांच्यासाठी खेळायचे ते लोक परके झालेले आणि जेथे जायचे तेथले लोक अजून अनोळखी, अशा अवस्थेत कोण जीव तोडून खेळेल? जाहिरातदारांनी पाठ फिरविली, मैदानातील त्यांच्या पाट्या झाकल्या गेल्या. १७ डिसेंबरला सिनसिनाटीविरुद्ध त्या जुन्या स्टेडियममधला अखेरचा सामना झाला. प्रेक्षकांनी बाकांच्या बाके उखडून मैदानात फेकण्यास सुरुवात केली, तेव्हा पंचांना खेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे न्यावा लागला. ही नासधूस समर्थनीय नव्हती. पण सामना ब्राउन्सनी २६-१० असा जिंकल्यावर खेळाडू त्याच स्वस्त बाकांकडे धावत गेले आणि कठड्यावरून हात पुढे केलेल्या माणसांच्या गळ्यात पडले, तेव्हा संघ कोणाचा या प्रश्नाचे एक उत्तर मिळाले होते. न्यायालयात ते टिकणारे नव्हते, एवढेच. आठवड्याने, २४ डिसेंबरला, त्याच वर्षी जन्मलेल्या जॅक्सनव्हिलच्या संघाकडून २४-२१ अशी हार पत्करून हंगाम संपला.

योगायोग असा, की १९ नोव्हेंबर रोजी क्लीव्हलंडमध्ये खेळायला आलेला आणि ३१-२० असा जिंकून गेलेला संघ होता ग्रीन बे पॅकर्स. वर ज्या एका अपवादाचा उल्लेख केला तो हाच. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव. तेथील संघ १९२३ पासून लोकांच्या भागभांडवलावर चाललेली, नफा न वाटणारी संस्था आहे. आज तिचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. कोणालाही लाभांश मिळत नाही. संघ कधी विकला गेलाच तर येणारी रक्कम धर्मादाय कार्यास जावी अशी तरतूद आहे. म्हणूनच हे गाव शंभर वर्षे आपला संघ राखून आहे. तेथे सारेच सोवळे आहे असे नाही. २००० साली स्टेडियमच्या विस्तारासाठी तेथल्या काउंटीनेही अर्धा टक्का विक्रीकर सोसला; पण तो पैसा घेऊन गाव सोडणारा मालकच तेथे नव्हता. मग बाकीच्या शहरांनी हाच मार्ग का धरू नये? धरता येत नाही म्हणून. प्रत्येक संघात एका मालकाचा ठरावीक मोठा वाटा असलाच पाहिजे असा लीगचा नियम आहे आणि केवळ ग्रीन बे त्यातून वगळलेले आहे. मुक्त स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या देशात मालकीच्या एका प्रकाराला स्पर्धेतच उतरू दिले जात नाही, ही विसंगती अमेरिकनांना फारशी खुपत नाही, याचे आश्चर्य वाटते.

क्लीव्हलंडचे महापौर मायकेल व्हाइट यांनी मात्र हातपाय गाळले नाहीत. भाडेपट्ट्याची मुदत १९९८ पर्यंत होती. तिच्या आधारे शहराने न्यायालयात दावा लावला, देशभरातील प्रेक्षकांनी लीगकडे निषेधाचा वर्षाव केला, आणि १९९६ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. मॉडेल यांनी खेळाडू आणि करार घेऊन जावे. परंतु ब्राउन्स हे नाव, तपकिरी-नारिंगी रंग, पन्नास वर्षांचे विक्रम आणि विजयचिन्हे क्लीव्हलंडमध्येच राहतील. १९९९ पर्यंत शहराला संघ मिळेल आणि शहर नवे स्टेडियम बांधील. या तडजोडीकडे मन मोठे करून पाहिले पाहिजे. संघाचा इतिहास ही मालकाची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व लीगने पहिल्यांदाच मान्य केले. लीगच्या दप्तरी बॉल्टिमोर रेव्हन्स हा १९९६ साली जन्मलेला संघ आहे. जिम ब्राउनच्या धावा आजही क्लीव्हलंडच्याच खात्यावर आहेत. पण तत्त्व मान्य करून घेण्याची किंमत पुन्हा करदात्यांनीच मोजली. जुने स्टेडियम पाडून त्याच जागी उभे राहिलेले नवे स्टेडियम बहुतांशी सार्वजनिक पैशांतून झाले. नव्या संघाचा परवाना १९९८ साली ५३ कोटी डॉलरांना गेला. तो घेणारे अल लर्नर हे ज्यांच्या विमानात मॉडेल यांनी बॉल्टिमोरच्या करारावर सही केली होती, तेच गृहस्थ.

बॉल्टिमोरने २००१ च्या जानेवारीत अजिंक्यपद पटकावले. बडतर्फ झालेल्या बेलिचिक यांनी पुढे न्यू इंग्लंडच्या संघाला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. क्लीव्हलंडचा संघ सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत आजवर पोहोचलेला नाही.

ओहायोच्या विधिमंडळाने १९९६ मध्ये एक कायदा केला. करदात्यांच्या पैशांवर उभ्या असलेल्या स्टेडियमात खेळणाऱ्या संघाला गाव सोडायचे असेल तर सहा महिने आधी सूचना द्यावी आणि तेवढ्या मुदतीत स्थानिकांना तो विकत घेण्याची संधी द्यावी, असे त्यात म्हटले होते. लोक त्याला मॉडेल कायदा म्हणतात. ब्राउन्सच्या आताच्या मालकांनी सरोवरकाठ सोडून विमानतळालगतच्या ब्रूक पार्क या उपनगरात छपराचे स्टेडियम बांधण्याचा बेत केला, तेव्हा शहराने याच कायद्याचा आधार घेतला. २०२५ च्या जूनअखेरीस राज्याच्या अर्थसंकल्पातच त्या कायद्याला दुरुस्ती जोडण्यात आली: यापुढे तो राज्याबाहेर जाणाऱ्या संघांनाच लागू राहील. त्याच अर्थसंकल्पात नव्या स्टेडियमसाठी ६० कोटी डॉलरांची तरतूद झाली आणि ती राज्याकडे बेवारस पडून असलेल्या नागरिकांच्या ठेवींतून करण्यात आली. ऑक्टोबरमध्ये शहराने दहा कोटी डॉलरांवर तडजोड करून भांडण मिटविले.