विश्लेषण : सातबारा, आधार आणि बँक खाते एकमेकांशी जुळत का नाही?

एकच शेतकरी महसूल, आधार, बँक आणि योजनेचे पोर्टल अशा चार ठिकाणी नोंदलेला असतो. या चार यादी जोडल्या की मदत थेट खात्यात, असे सांगितले जाते. तरीही गोंडपिपरीसारख्या तालुक्यात धानाच्या बोनसपासून अतिवृष्टीच्या मदतीपर्यंत पैसे अडकू शकतात. त्याचे कारण काय?

नेमकी अडचण कशात आहे?

प्रत्येक यादी वेगळ्या गोष्टीची मोजणी करते. सातबाऱ्याचे एकक आहे जमिनीचा तुकडा, म्हणजे गट क्रमांक. एका गटावर चार भावांची नावे असू शकतात, तर एका माणसाची नोंद पाच गटांवर असू शकते. आधार माणूस मोजते. बँक कर्जखाते मोजते. पीएम-किसान कुटुंब मोजते : पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. कोणती माहिती कशाच्या नावाने साठवायची आणि ती दुसऱ्या माहितीशी कशी जोडायची, या आराखड्याला संगणकाच्या भाषेत डेटा मॉडेल म्हणतात. मोठ्या कंपन्याही विक्रीचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर जोडताना इथेच अडखळतात. विक्री विभागाचा 'ग्राहक' म्हणजे माणूस, हिशेब विभागाचा 'ग्राहक' म्हणजे बिलाचे खाते. शब्द एक, अर्थ दोन.

महाराष्ट्राला याचा फटका कधी बसला?

२०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत. दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी 'कुटुंबा'ला होती. बँकांकडे मात्र कुटुंब नावाची नोंदच नव्हती, होती ती कर्जखाती. म्हणून शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज घेतले गेले आणि बँकांना ६६ रकान्यांत माहिती भरायला सांगितले गेले. दोन्ही याद्या समोरासमोर आल्या तेव्हा त्या जुळेनात. एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे असल्याचेही आढळले. दिवाळीच्या तोंडावर वाटपाचा कार्यक्रम झाला, पण अनेकांच्या खात्यात रक्कम यायला पुढे बराच काळ गेला.

त्यातून काय शिकले गेले?

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना आली, तेव्हा आधी एकक बदलले. कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी धरला. अर्ज मागवलेच नाहीत. बँकांनी आधारशी जोडलेली कर्जखाती कळवली, गावात याद्या लागल्या, शेतकऱ्याने विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर अंगठा लावला आणि रक्कम मान्य आहे की नाही ते सांगितले. संगणक तोच, बँकाही त्याच. फरक इतकाच की, 'आपण कोणाला मोजतोय' हे आधी ठरले होते.

मग ॲग्रिस्टॅकने प्रश्न सुटला का?

काही अंशी. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी ११ अंकी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. त्यात आधारवरचा माणूस आणि सातबाऱ्यावरचा खातेदार यांची गाठ घातली जाते. दोन्हीकडचे नाव किती जुळते, हे संगणक तपासतो आणि कमी जुळले तर प्रकरण अधिकाऱ्याच्या पडताळणीकडे जाते. सातबारा मराठीत, आधारवरचे नाव इंग्रजीतही. 'मडावी'च्या शेवटी रोमन लिपीत कुणी एक अक्षर लावतो, कुणी दोन. स्पेलिंगचा हा घोळ तरी माणसाने पाहिल्यावर मिटतो. एककाचा घोळ तसा मिटत नाही.

गोंडपिपरीत गाठ कुठे बसते?

वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या मधल्या, तेलंगणाला लागून असलेल्या या तालुक्यात अशा शेतकऱ्यांचे तीन प्रकार दिसतात.

पहिला, वनपट्टेधारक. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन विकता येत नाही, चार हेक्टरच्या वर मिळत नाही आणि विवाहित असल्यास पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. तिची ओळख अनेकदा गट क्रमांकाने नव्हे, तर वन विभागाच्या कक्ष क्रमांकाने होते. 'गट क्रमांक टाका' म्हणणाऱ्या रकान्यात त्याने काय लिहायचे? नियमानुसार हक्क मान्य झाल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याची नोंद महसूल आणि वन, दोन्ही दप्तरांत व्हायला हवी. ती झाली नसेल, तर पोर्टलला हा शेतकरी दिसणारच नाही.

दुसरा, सामाईक खातेदार. वडील वारले, वारस नोंद झाली नाही, भाऊ वेगवेगळे कसतात. जमिनीवर राबणारे चौघे, यादीत मात्र मृत वडील.

तिसरा, ठेक्याने किंवा बटईने कसणारा. ओळख क्रमांक जमिनीच्या मालकाचा, घाम आणि नुकसान याचे. त्याच्यासाठी आराखड्यात जागाच नाही. हा तांत्रिक दोष म्हणता येणार नाही. 'शेतकरी म्हणजे जमिनीचा मालक' हा धोरणाचा निर्णय आहे, संगणक तो फक्त पाळतो.

शेतकऱ्याने काय तपासावे?

सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक यांवरचे नाव एकत्र ठेवून पाहावे. वारस नोंद बाकी असेल तर ती आधी करावी. वनपट्ट्याची प्रत आणि नकाशा घेऊन महसूल दप्तरात नोंद झाली का, हे तलाठी कार्यालयात विचारावे. आधारवर आधारित रक्कम सर्वात शेवटी आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. त्यामुळे खाती अनेक असतील, तर कोणते जोडलेले आहे ते बँकेत खात्री करून घ्यावे.

शासनाने काय करायला हवे?

नवे पोर्टल उघडण्याआधी एका ओळीत लिहावे : या योजनेत शेतकरी म्हणजे कोण? वनपट्टा आणि बटई यांना त्या ओळीत जागा मिळाली, तर रकाने आणि क्रमांक नंतर जुळवता येतील. ती ओळ कोरी राहिली, तर कितीही याद्या जोडल्या तरी हेलपाटे शेतकऱ्यालाच घालावे लागतील.