मेडल कुठाय?

माणूस 21 किलोमीटर धावून आला तर त्याला लोकांनी काय विचारावं? दमलात का, गुडघे जागेवर आहेत का, निदान चहा टाकू का, इतपत माझी अपेक्षा होती. आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न आला तो, "मेडल कुठाय?" विचारणारे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर. मेडल नाही म्हटल्यावर त्यांनी सर्टिफिकेट विचारलं. तेही नाही म्हटल्यावर, कर्जाचा अर्ज परत करताना बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, "मग तुम्ही धावलात याला पुरावा काय?"

पुरावा लिफ्टमध्ये त्यांच्या शेजारीच उभा होता. टी-शर्ट पिळला असता तर बादली भरली असती. पण ओला पुरावा चालत नाही, कागदी लागतो.

सेक्रेटरींचा प्रश्न वेगळा. "कोणत्या संस्थेसाठी धावलात?" कुणासाठी नाही, मजेसाठी, असं मी म्हटलं. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. "मजेसाठी लोणावळ्याला जायचं असतं हो!" पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी तर बायकोला जिन्यात गाठून हलक्या आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" बायको म्हणाली, "पूर्वीपासूनच आहे हे." आता याचा अर्थ सगळं पूर्वीपासून ठीक आहे की बिघडलेलं आहे, ते मी अजून विचारलेलं नाही.

तर घडलं ते एवढंच. या रविवारी मी एकट्याने, स्वतःच ठरवून, स्वतःच आखून एक हाफ मॅरेथॉन धावलो. आयोजक मी, स्पर्धक मी, प्रवेश फी शून्य. रीतसर अंतर 21.0975 किलोमीटर. शेपटीला हे आकडे लागले ते इंग्लंडच्या राजघराण्यामुळे: 1908 साली लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये शाही कक्षासमोर संपवली, ते अंतर 42.195 भरलं, 1921 साली तेच कायमचं ठरलं, आणि आमच्या वाट्याला त्याचं अर्धं आलं. मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजणीचं यंत्र लावून मोजतात आणि कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. अंतर ठरण्याआधीच्या काळात, 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये, बेळगावचे फडेप्पा चौगुले पावणेतीन तासांहून थोड्या जास्त वेळात धावून एकोणिसावे आले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर पोरं धावताना बघून दोराबजी टाटांनी मनावर घेतलं, म्हणून हिंदुस्थानचा संघ तिथवर पोचला. एकोणिसाव्याला मेडल नसतं. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या हिशेबाने चौगुलेही धावले नाहीत.

टाटांचं नाव आज मुंबईच्या मोठ्या मॅरेथॉनवर आहे. 2004 पासून दर जानेवारीत ती होते (मधली कोविडची दोन वर्षं सोडून), आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार भूगोलाबद्दल आहे. फुल सुटते सीएसएमटीहून, हाफ माहीमहून, आणि सगळी मिरवणूक सी लिंक, वरळी, मरीन ड्राइव्ह अशी समुद्राच्या कडेकडेने. आम्ही उपनगरवाल्यांनी वर्षभर आरेतले चढ चढायचे, पवईला फेऱ्या मारायच्या, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत जाऊन यायचं, मुलुंडवाल्यांनी हायवेच्या सर्व्हिस रोडवर डंपर चुकवायचे, आणि धावायची वेळ आली की दक्षिणेची गाडी पकडायची. नोकरीला तिकडे, मोर्चाला तिकडे, आता घाम गाळायलाही तिकडेच! चर्चगेट ते अंधेरी साधारण 22 किलोमीटर आहे. म्हणजे अंधेरी लोकलच्या दारात लटकणारा माणूस रोज दोनदा हाफ मॅरेथॉनचं अंतर कापतो. त्याला कुणी केळं देत नाही.

म्हणून माझा मार्ग मी घरापासून आखला. घाटकोपर ते वर्सोवा, मेट्रोच्या खालून. 8 जून 2014 ला ही मेट्रो सुरू झाली तेव्हा मी रांगेत उभा राहून तिच्यात बसलो होतो, पण तिचा खरा उपयोग आत्ता कळला. लांबी 11.4 किलोमीटर, स्टेशनं 12. म्हणजे किलोमीटरला एक स्टेशन. मोठ्या शर्यतीत आयोजक किलोमीटरचे फलक उभारतात. माझ्या शर्यतीचे फलक जागच्या जागी आधीच लागलेले, वर दिवाबत्तीची सोय. जागृतीनगर एक, असल्फा दोन, साकीनाका तीन. साकीनाका रिकामा बघायचा असेल तर पहाटे पाचच्या आत जावं. तिथे रस्ता आहे हे त्याच वेळी दिसतं.

एक अडचण झाली. डोक्यावर मेट्रोचा पूल असला की घड्याळाचं जीपीएस बिथरतं. घड्याळाच्या मते मी साकीनाक्याला एका इमारतीच्या आत जाऊन, थोडा वेळ फिरून, मागच्या भिंतीतून बाहेर पडलो. पुरावा म्हणून हा नकाशा मी तिसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बारकाईने पाहिला. "इथे लिफ्ट वापरलीत का?"

अंधेरीला मेट्रो रुळांवरून सरळ पलीकडे जाते. ती सोय धावणाऱ्याला नाही, म्हणून थोडा वळसा घालून गोखले पुलावरून गेलो. याच पुलाची एक बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये उघडली तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला पुलाला जोडताच येईना. दोघांची उंची जुळली नव्हती. मग बर्फीवाला जॅक लावून उचलला, जुलैत सांधा बसला, आणि पूर्ण पूल खुला व्हायला मे 2025 उजाडला. तो सांधा पायाला जाणवतो का हे बघायचं म्हणून मी मुद्दाम हळू धावलो. म्हणजे नेहमीसारखाच.

पुलाचा वळसा धरला नाही तर वर्सोव्याला वळून 9.7 किलोमीटर परत आलं की हिशेब पुरा होतो. म्हणजे शर्यत घाटकोपर यायच्या आधीच, असल्फा आणि जागृतीनगरच्या मध्ये, एका बंद गॅरेजसमोर संपते. असल्फाची ती रंगवलेली टेकडी मेट्रोतून छान दिसते. खालून दिसतं ते गॅरेजचं शटर. तिथे हाताने घड्याळ बंद केलं, स्वतःचं अभिनंदन केलं आणि रिक्षाला हात दाखवला. 21 किलोमीटर धावून आलेल्या माणसाला, भाडं जवळचं आहे म्हणून, रिक्षावाल्यांनी नाकारलं. घरी चालत गेलो.

इकडे सोसायटीने विषय हातात घेतलाय. पुढच्या वेळी हे "नीट" करायचं ठरलंय. समिती झाली आहे. खजिनदार कोण ते सांगायला नको. टी-शर्टचा रंग भगवा की निळा यावर दोन बैठका झाल्या, त्यात पिवळा पुढे गेला. मेडलसाठी सायनच्या एका दुकानातून कोटेशन आलंय. धावायला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते अंधेरीच्या पेपरवाल्याबद्दल, आणि जागा संपत आली.

अंधेरी पूर्वेला, स्टेशनच्या अलीकडे, बंद दुकानांच्या पायऱ्यांसमोर पहाटे पेपरवाले बसतात. टेम्पोतून गठ्ठे धपाधप पडतात, प्लास्टिकची पट्टी ब्लेडने कापायची, आणि मग पुरवण्या घालायचं काम. मेन पेपर डाव्या हाताने उघडायचा, उजव्याने पुरवणी आत सारायची, वर दंतवैद्याचं किंवा क्लासचं पत्रक, मिटायचा, बाजूला. मध्येच पाण्याच्या वाटीत अंगठा बुडवायचा. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, प्रत्येकाचा ढीग वेगळा, आणि कोणत्या लाइनवर कोणते किती हे सगळं डोक्यात. रविवारी पुरवणी जाड, त्यामुळे काम दुप्पट. मी पोचलो तेव्हा एक पेपरवाला पुरवण्यांच्या गठ्ठ्यावर बसला होता. शेजारच्या गठ्ठ्यावर चहाचा ग्लास ठेवलेला. ग्लास उचलला तसा खाली या सदरावरचा माझा फोटो दिसला, कपाळावर गोल डाग.

मी थांबलो. साहजिक आहे.

"पाणी पाहिजे का काका?" म्हणाला. पाणी दिलं. "मॅरेथॉन आहे का आज? मग रस्ता कसा बंद नाही केला?"

"माझी एकट्याचीच आहे."

याने ना संस्था विचारली, ना मेडल. विचारलं एवढंच, "मग घाई नाही ना? बसा. पोरगा आला नाही अजून. पुरवण्या घाला."

बसलो. घड्याळ चालूच होतं. पहिले काही पेपर बरे जमले, मग माझी पुरवणी गुजराती पेपरात जायला लागली. काम करता करता, सहज विचारल्यासारखं, मी माझ्या पानावर बोट ठेवलं. "हे वाचतात का हो लोक?"

"वाचत असतील," तो म्हणाला. "आमच्याकडे फोन येतो तो कोडं आलं नाही तर. नाहीतर भविष्य. ह्याचा अजून आला नाही." मग त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही का? लय जुना फोटो दिलाय."

मी फोटोवर काही बोललो नाही. जरा जोर लावून पुरवण्या सारायला लागलो, तर एक मधोमध फाटली. एवढ्यात भिंतीला सायकल टेकवून पोरगा आला. पेपरवाल्याने माझ्या मांडीवरचा गठ्ठा उचलून त्याच्या पुढ्यात टाकला.

"जा काका, धावा तुम्ही. तुमच्या स्पीडने लोकांना रविवारचा पेपर सोमवारी मिळेल."