फिटची गोळी गावातच मिळायला हवी

शेतकरी बंधूंनो, गाय दोन दिवस वैरणीला तोंड लावेना तर आपण डॉक्टर बोलावतो. पण घरातल्या पोराला फिट आली की आधी कांदा, मग चप्पल हुंगवतो आणि मग देवऋषी गाठतो. अंगारे, उतारे, गंडेदोरे यात वर्षे निघून जातात. पोराची शाळा सुटते ती वेगळीच.

फिट म्हणा, मिरगी म्हणा, फेफरे म्हणा, हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतल्या पेशींत काही क्षण विजेचा गोंधळ माजतो आणि अंगाला झटके येतात. ही बाधा नाही, करणी नाही, आणि शिवल्याने लागतही नाही. लहान मुलांना तापात येणारी आकडी मात्र वेगळी. तिला रोजची गोळी सहसा लागत नाही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, शेजाऱ्याने नव्हे.

यावर औषध आहे, आणि ते जुने आहे. फेनोबार्बिटोन १९१२ पासून, फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. दोन्ही स्वस्त. खेड्यात हे उपचार टिकतील का, अशी शंका शहाणी मंडळी काढतात. त्याचे उत्तर खेड्यांनीच दिले आहे. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात ९४ मुलांवर चाचणी झाली आणि १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. फेनोबार्बिटोनने पोरे बिघडतात, हा मोठा आक्षेप होता. पण फेनिटॉइन घेणाऱ्या मुलांशी ताडून पाहता तसा फरक दिसला नाही, आणि गुणही दोन्हींचा सारखाच. कर्नाटकातल्या येळंदूर भागात पाच वर्षे रुग्णांचा पाठपुरावा झाला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. याच जुन्या गोळ्यांवर खेड्यातली माणसे बरी राहू शकतात, हे तिथे दिसले. उपचारापूर्वी ज्यांना कमी झटके येऊन गेले होते, त्यांना गुण जास्त. म्हणजे देवऋषीकडे घालवलेली वर्षे फुकट जात नाहीत, ती अंगावर येतात!

नीट निदान व उपचार झाले तर शंभरातले सत्तर रुग्ण फिटविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्यांनीही हाय खाऊ नये. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांची चाचणी झाली. मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले वर्षानंतर फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवरची फक्त ७ टक्के. हे २०१७ साली प्रसिद्ध झाले आहे.

मग घोडे अडते कुठे? गोळी रोज लागते, तिथे. पेरणी आली, पाऊस लागला, एस.टी. चुकली की तालुक्याची फेरी राहते आणि गोळी तुटते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे तर सहा-सहा महिने गाव सोडतात; त्यांच्या पोरांच्या गोळीचे काय? ही गोळी एकदम बंद झाली तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकते. दोन वर्षे फिट आली नाही तरी गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक मंडळींना सांगणे आहे. गटार-रस्त्याचा विषय ग्रामसभेत येतो, तसा हाही येऊ द्या. या गोळ्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तेव्हा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या बारमाही आहेत का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. संपल्या असतील तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. टोळी गाव सोडण्यापूर्वी रुग्णाला पुरेशा गोळ्या आणि औषधाची चिठ्ठी मिळेल, एवढे आशाताईंच्या मदतीने पाहा.

आणि घरच्यांनो, फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा. फिट आटोक्यात येईपर्यंत त्याला एकट्याला विहिरीवर, चुलीपाशी, कडबाकुट्टीवर पाठवू नका.

आजार लपवण्याचे मोठे कारण म्हणजे लग्न. हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाच्या आड येत होता. ते कलम १९९९ मध्ये दुरुस्त होऊन हा आजार त्यातून वगळला गेला. कायद्याने बदलायला तेवीस वर्षे घेतली. आपण तरी किती घेणार? फिट येणारे पोर गावाचेच आहे. त्याची गोळी गावातच मिळाली पाहिजे.