लाल कॅलिपर, काळं ब्रेक ऑईल

मुद्दा आधीच लिहून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना खालपर्यंत यावं लागणार नाही. जुन्या वेगवान गाडीला मोठे ब्रेक बसवले म्हणून ती लवकर थांबत नाही. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर.

चिडलात? चिडा. आठवडाभर क्लायंटच्या कॉलवर "येस, वी विल लुक इंटू इट" म्हणत बसतो, शनिवारी तरी मनातलं लिहू द्या.

तर गाडी आहे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. 2004 च्या सुमारास आपल्याकडे आलेली, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, 150 अश्वशक्ती. युरोपात हिचंच भावंड 180 चं होतं, आपल्या वाट्याला 150 आली. तरी त्या काळी हायवेवर ही मागून आली की बाकीचे मुकाट डावीकडे सरकायचे. मी तेव्हा दुसरी-तिसरीत होतो. आता आमच्या पिढीच्या हातात पगार आलाय आणि तेव्हाची ती स्वप्नातली गाडी आज नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशात मिळते. मग काय, घेतात लोक. घ्यावीच. माझं भांडण घेण्याशी नाही, घेतल्यानंतर जे होतं त्याच्याशी आहे.

क्रम ठरलेला असतो. आधी अलॉय, मग एक्झॉस्ट, मग ईसीयू रिमॅप. कागदावर 190 च्या आसपास अश्वशक्ती आली की माणसाला एकदम जबाबदारीची जाणीव होते. "पॉवर वाढवली, आता ब्रेकपण वाढवायला पाहिजेत ना!" वाक्य इतकं शहाणं वाटतं की समोरचा मान डोलावतो. गॅरेजवाला तर दोनदा डोलावतो. मग चार पिस्टनचे लाल कॅलिपर, भोकं पाडलेल्या डिस्क, स्टीलची जाळी असलेले होज पाइप, एकूण दीड लाख आणि वर फिटिंग. परवा माझ्या टीममधल्या एका मित्राला मिळालेलं कोटेशन हेच होतं. फोनमध्ये दाखवत होता, लेकीचा फोटो दाखवावा तसं. मी एकच विचारलं, "अरे, त्यांनी ब्रेक ऑईलच्या बाटलीचं झाकण उघडून बघितलं का?"

नव्हतं बघितलं. दीड लाखाचा उपाय सांगितला आणि रोग्याची नाडी बघितली नाही. आमच्या धंद्यात हे रोज होतं म्हणा. क्वेरी हळू चालतेय, इंडेक्स कोणी लावलेला नाही, आणि साहेब म्हणतात मोठा सर्व्हर घ्या.

आता थोडं बारावीचं फिजिक्स. घाबरू नका, परीक्षा नाही. 1400 किलोची गाडी ताशी 100 किमीने चाललीय. तिच्यात साधारण 5.4 लाख ज्यूल ऊर्जा आहे. ती शून्यावर आणायला किती अंतर लागेल, हे ठरतं वेगाच्या वर्गावर आणि टायर-रस्ता यांच्या घर्षणावर. चांगला टायर, कोरडा रस्ता, घर्षणांक 0.9 धरला तर सुमारे 44 मीटर. टायर म्हातारा आणि कडक झालेला असेल, घर्षणांक 0.7 वर आला असेल, तर 56 मीटर. मधले 12 मीटर म्हणजे अडीच-तीन गाड्यांची लांबी. या गणितात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही. पिस्टन किती ते येत नाही. रंग तर नाहीच नाही.

विश्वास बसत नसेल तर रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर, मागे-पुढे कोणी नाही याची खात्री करून, ताशी 60 वर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा. पायाखाली एबीएस खडखडलं? म्हणजे ब्रेकने टायरला त्याच्या मर्यादेपर्यंत नेलंय आणि एबीएस म्हणतंय, बाबा रे, जरा सोड. तुमच्याकडे टायरला पेलेल त्याहून जास्त ब्रेक आधीच आहे. त्याच्यावर दीड लाख घातलेत तर एबीएस अजून थोडं लवकर खडखडेल, इतकंच.

आणि नाहीच खडखडलं, तर मोठ्या कॅलिपरच्या आधी शोधायचं की का नाही. वीस वर्षांच्या गाडीत कारणांना तोटा नाही. या 1.8 टर्बोमध्ये बूस्टरला जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्या आणि त्यांचे एकतर्फी व्हॉल्व्ह म्हातारे होतात, तडकतात. मग पेडल दगडासारखं कडक लागतं आणि माणूस म्हणतो ब्रेक कमजोर आहेत. मागच्या कॅलिपरची हँडब्रेकची यंत्रणा गंजून अडकते. पुढच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडतात, मग एका बाजूचा पॅड झिजून पत्र्याला येतो आणि दुसरा नवाकोरा राहतो. हे सगळं दुरुस्त करायला लागतात रबरी सील, ग्रीस, एखादा व्हॉल्व्ह आणि अर्धा दिवस बसून काम करणारा मेकॅनिक. यातलं काहीच पार्किंगमध्ये दिसत नाही, हीच त्याची अडचण. दुसरी बाजूही सांगतो. सोसायटीच्या पार्किंगसाठीच खास बाजारात प्लास्टिकची लाल टोपणं मिळतात, एका नामांकित इटालियन कंपनीचं नाव छापलेली, कॅलिपरवर चिकटवायची. म्हणजे जो भाग गार व्हायला हवा त्याला स्वेटर!

"मग रेसिंगवाले काय मूर्ख आहेत का?" हा पुढचा प्रश्न. नाहीत. त्यांना मोठे ब्रेक लागतात ते उष्णतेसाठी. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती डिस्कमध्ये शिरते. ब्रेकिंगचा 70 टक्के भार पुढे येतो असं धरा आणि पुढची एकेक डिस्क सात किलोची धरा. 100 वरून एकदा पूर्ण थांबलात की प्रत्येक पुढची डिस्क साधारण 60 अंशांनी तापते. 140 वरून थांबलात की जवळपास दुप्पट, कारण वर्ग. एकदा थांबून पुढे निघालात तर वाऱ्याने डिस्क गार होते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा संपवून दर फेरीला ब्रेक मारायचा असेल तर गार व्हायला वेळच नाही. तिथे मोठी डिस्क हवी, हवा खेळवायला वाट हवी, सगळं हवं. ट्रॅकवर नेणार असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, खुशाल लाल कॅलिपर घ्या.

पण आपण जातो कुठे? हिंजवडी, आणि मे महिन्यात कोकण.

कोकणात जायचं तर घाट उतरायचा, आणि घाटाचं गणित लोक कधी करत नाहीत. खंडाळ्याहून खोपोलीला आलात की गाडी सुमारे 500 मीटर खाली उतरते. 1400 किलो, 500 मीटर, म्हणजे जवळजवळ 69 लाख ज्यूल. वरच्या हिशेबात मांडलं तर 100 वरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा, तीही मधे विश्रांती न देता. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातला बराच वाटा इंजिन खातं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरलात तर सगळा ब्रेकवर. (त्यातून पेट्रोल वाचतही नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला लागतंच. पण आपल्याकडे काकांना हे कोण सांगणार!)

आता त्या बाटलीकडे येऊ, जिचं झाकण कोणी उघडलं नाही.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. तो त्याचा स्वभाव आहे, बिघाड नाही. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच किमान हमी 155 वर येते. आपल्याकडे चार महिने पावसाचे, मुंबईत तर बाराही महिने घाम. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत ते शेवटचं कधी बदललं, कोणालाच माहीत नसतं. चहासारखं काळपट झालेलं असतं. घाट उतरताना कॅलिपर तापतो, आतलं ऑईल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता, पाय सरळ फरशीला टेकतो, गाडी चालतच राहते. आणि मागच्या सीटवर कोणीतरी झोपलेलं असतं.

याहून वाईट पुढेच आहे. पायथ्याशी कशीबशी गाडी थांबवून चहा घेतलात की अर्ध्या तासात वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल पूर्ववत. गॅरेजमध्ये दाखवायला न्याल तर मेकॅनिक चक्कर मारून म्हणतो, "साहेब, ब्रेक एक नंबर आहेत." खोटं बोलत नाही तो. प्रॉडक्शनला फुटतो आणि टेस्टिंगला सापडत नाही, तसला बग आहे हा. मग माणूस ठरवतो की ब्रेक लहान पडतायत, मोठे बसवू. नव्या किटबरोबर ऑईल आपोआप नवं भरलं जातं, पेडल घट्ट लागतं, आणि श्रेय सगळं लाल रंगाला!

घाट फारच उतरत असाल तर डॉट 5.1 घाला, नवं असताना किमान 260 आणि पाणी मुरल्यावर 180. डॉट 5 मात्र चुकूनही नाही, ते सिलिकॉनचं असतं आणि यांच्यात मिसळत नाही. 5 आणि 5.1 या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी. ज्याने हे व्हर्जन नंबर दिले तो आमच्या रिलीज टीममध्ये सहज खपून जाईल :)

पॅडबद्दलही एक सांगायला हवं, कारण "रेसिंग पॅड" नावाचं फॅड जोरात आहे. शर्यतीचे पॅड तापल्यावर पकडतात. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडताना शाळेच्या बससमोर पहिला ब्रेक लागतो तो थंडच असतो. बऱ्याच पॅडच्या कडेला कोडमध्ये दोन अक्षरं छापलेली असतात, एफएफ, जीएफ वगैरे. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.45 पर्यंत, जी म्हणजे 0.55 पर्यंत. घेताना ती अक्षरं वाचा. खोक्यावरचा ड्रॅगन वाचू नका.

आता "तू काहीच बदलू देत नाहीस" अशी तक्रार येईल. असं नाही. फोक्सवॅगन समूहाच्या त्या पिढीच्या गाड्या, म्हणजे चौथी गोल्फ, पहिली ऑक्टाव्हिया, पहिली ऑडी ए3 आणि पहिली टीटी, एकाच सांगाड्यावरच्या. त्यात ज्यांना पुढे 288 मिमीच्या डिस्क आहेत त्यांना 312 च्या बसतात. कॅलिपर तोच राहतो, फक्त त्याला धरणारा कॅरिअर बदलायचा. डिस्क जड, म्हणजे उष्णता जास्त मावते, ब्रेकचा जोर आठ-दहा टक्क्यांनी वाढतो, आणि पिस्टन तेच असल्याने पेडल पूर्वीइतकंच खाली जातं. चाकाच्या आत मावतंय का तेवढं बघून घ्यायचं. याला मी अपग्रेड म्हणतो. कंपनीच्याच इंजिनिअरांनी त्याच घरातल्या दुसऱ्या गाडीसाठी आखलेला भाग. याउलट भलत्याच गाडीसाठी बनलेले चार पिस्टनचे कॅलिपर लावलेत आणि पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं, तर मास्टर सिलिंडरला जास्त ऑईल ढकलावं लागतं आणि पेडल लांब जातं. पुढचा जोर वाढतो, मागचा तसाच राहतो, तोल बदलतो. एबीएसचा प्रोग्रॅम ज्या ब्रेकसाठी लिहिला ते ब्रेकच गाडीत उरत नाहीत. दुसऱ्याच्या कोडमध्ये एक फंक्शन बदलून बाकी काही न बघता डिप्लॉय करण्यातला हा प्रकार, फक्त इथे रोलबॅक नाही.

कायद्याचंही एक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पंधरा वर्षं उलटलेली गाडी, तिचं फेरनोंदणीचं लचांड, त्यात विम्याच्या माणसाने बोनेटखाली डोकावून विचारलं तर काय सांगणार आहात?

मित्राशी दोन दिवस यावरून वाद झाला. कॅन्टीनमध्ये, मग पार्किंगमध्ये, मग फोनवर. शेवटी त्याच्याच गाडीच्या टायरची कड मोबाइलच्या उजेडात दाखवली. डॉट अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे 2315. म्हणजे 2015 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी अजून छान शाबूत, कारण आधीच्या मालकाने गाडी उन्हात नुसती उभी ठेवली होती. नख रुतवलं तर रुतेना. त्या चार टायरवर हा माणूस रिमॅप करून बसला होता, आणि बायको-मुलीला घेऊन गुहागरला निघायची तारीखही ठरलेली.

टायर काल बसले. ऑईल, रबरी होज पाइप, कॅलिपरच्या पिना आणि व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह यासाठी पुढच्या शनिवारची वेळ घेतलीय, मी स्वतः उभा राहणार आहे. सगळं मिळून त्या दीड लाखाच्या बरंच खाली बसतंय, आणि त्यातला मोठा भाग टायरच आहेत. मूळ कॅलिपर घासूनपुसून लाल रंगवायचे का, यावर वाटाघाटी अजून चालू आहेत.